तीस तासांनंतर रंगतो

चिन्मयला खेळाबद्दल काहीही विचारा, उत्तर तासांत येतं. "कसा आहे रे नवा?" म्हटलं की तो आधी पंख्याकडे बघतो, मनाशी बेरीज करतो आणि सांगतो, "बावीस तास झालेत. अजून सुरू व्हायचाय." हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही. उलट, तीस तासांच्या आत रंगणारा खेळ त्याला उथळ वाटतो.

स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानाचा नियम असा, की खेळ आवडला नाही तर १४ दिवसांत पैसे परत मिळतात. मात्र तो दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा. हा नियम वाचून चिन्या हसतो. दोन तासांत जपानी खेळाचा नायक फार तर झोपेतून उठलेला असतो. आईने त्याला हाक मारलेली असते, गावातल्या चार म्हाताऱ्यांनी त्याला हवापाण्याबद्दल सांगितलेलं असतं आणि एका बेडकाने त्याला मारलेलं असतं. "दोन तासांत धड तलवार मिळत नाही मामा, मत कुठलं मिळणार?"

चिन्या माझा भाचा. वय ३१, मुक्काम कोथरूड. दिवसा हिंजवडीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतो आणि रात्री जपान्यांच्या. जपानी धाटणीचे रोल-प्लेइंग गेम, ज्यांना जेआरपीजी म्हणतात ते, आणि व्हिज्युअल नॉव्हेल, एवढ्या दोनच गोष्टींचं तो परीक्षण करतो. बंदुकीच्या खेळांबद्दल विचारलं तर "ते मी बघत नाही" म्हणतो, तेही अशा सुरात की विचारणाऱ्याला आपण त्याच्या ताटात मटण वाढल्यासारखं वाटावं.

अशी जमात पुण्यात वाढावी यात नवल नाही. जपानी शिकण्याची हौस या गावाला जुनी. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्र इथे आहे. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली बाग आहे आणि तिला नाव पु. ल. देशपांड्यांचं आहे. चिन्या तिथे जाऊन आला. त्याचं परीक्षण एका ओळीचं होतं : "ग्राफिक्स उत्तम, पण अदृश्य भिंती फार." हिरवळीवर पाऊल ठेवताच रखवालदाराने शिट्टी फुंकली होती. जेएलपीटीची एन-फाइव्ह ही पायरी तो पहिल्याच दमात पास झाला. एन-फोरशी अजून झुंज चालू आहे. तिला तो 'मधला बॉस' म्हणतो आणि वर्षातून दोनदा तिच्याकडून मार खाऊन येतो.

त्याचं परीक्षण १९८३पासून सुरू होतं, मग खेळ गेल्या शुक्रवारी का आलेला असेना. १९८३ साली युजी होरी यांनी एका सावकाराच्या खुनाचा तपास करायला लावणारा 'पोर्टोपिया' केला. हे नाव घेताना चिन्या कानाची पाळी पकडतो. मग १९८६चा 'ड्रॅगन क्वेस्ट' : रचना होरींची, चित्रं अकिरा तोरियामांची, संगीत कोइची सुगियामांचं. मग १९८७चा साकागुचींचा 'फायनल फँटसी'. मग १० फेब्रुवारी १९८८, त्या दिवशी 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग आला आणि जपानी पोरं शाळा बुडवून दुकानांपुढे रांगेत उभी राहिली. इथे तो थोडा थांबतो. डोळे ओलावलेले असतात. यातला एकही खेळ आला तेव्हा त्याचा जन्म झालेला नव्हता, तरी त्याच्या बोलण्यात 'आमच्या वेळी' येतंच.

त्याची खरी वेळ वेगळी होती आणि ती मी पाहिली आहे. टीव्हीवर हिंदी बोलणारा डोरेमॉन असे, आणि टीव्हीलाच जोडायचा एक 'व्हिडिओ गेम' घरी होता. तो निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची सरळ नक्कल होता, पण हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. त्यात घालायच्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं. आत खेळ दहा-बाराच. तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. चौथीतल्या चिन्याने ती पूर्ण यादी वहीत उतरवली, कुठला खेळ कितव्या क्रमांकावर परत येतो ते लाल पेनाने दाखवलं आणि वही दुकानदाराला नेऊन दिली. दुकानदाराने त्याला एक लिमलेटची गोळी दिली. परीक्षणाचं एवढं मानधन त्याला पुढे क्वचितच मिळालं.

गुण देण्याची त्याची पद्धत फामित्सूकडून आली आहे. फामित्सू हे जपानमधलं १९८६पासूनचं गेमचं नियतकालिक. चार परीक्षक, प्रत्येकाकडे दहा गुण, एकूण चाळीस. पैकीच्या पैकी गुण पहिल्यांदा मिळायला १९९८ साल उजाडलं. 'झेल्डा'च्या 'ओकारिना ऑफ टाइम'ला ते मिळाले. तोवर ठीक होतं. २००५ साली त्याच फामित्सूने कुत्र्याची पिल्लं आंजारण्या-गोंजारण्याच्या 'निन्टेन्डॉग्ज'ला चाळीस दिले, ही जखम चिन्याच्या मनात आजही ताजी आहे. त्या खेळात कथा नाही, शेवट नाही, देवाशी अंतिम लढाईसुद्धा नाही! (जेआरपीजी बेडकापासून सुरू होऊन देवापाशी संपतो, मधल्या प्रवासालाच कथानक म्हणतात.)

चिन्याची स्वतःची मोजपट्टी दहाची असली तरी वापरात सातपासून साडेनऊपर्यंतच येते. आठ म्हणजे बरा. साडेसात म्हणजे कंपनीने आत्मपरीक्षण करावं. सात ही शिवी. सातच्या खाली त्याने एकदाच गुण दिले होते आणि नंतर आठवडाभर त्याला भूक नव्हती. ७.८ आणि ७.९ यांतला फरक त्याने मला एकदा बालगंधर्वच्या पुलापासून डेक्कनपर्यंत चालत समजावून सांगितला. मला तो पटला, याचंच मला वाईट वाटतं.

खेळांचं एक वेळ समजतं. बटणं दाबायची, राक्षस मारायचे. घरच्यांची पंचाईत होते ती व्हिज्युअल नॉव्हेलपाशी. पडद्यावर शाळेचा वर्ग दिसतो, समोर मोठ्या डोळ्यांची एक मुलगी उभी असते, खाली चौकटीत तीन ओळी मजकूर. बटण दाबलं की पुढच्या तीन ओळी. असं सहा तास. मधूनच एक प्रश्न येतो : 'गच्चीवर जायचं की वाचनालयात?' या एका निवडीवरून पुढची पंधरा तासांची गोष्ट ठरते. गच्चीचा शेवट वेगळा, वाचनालयाचा वेगळा, आणि खरा शेवट बाकीचे सगळे पाहिल्याशिवाय उघडतच नाही. २००४च्या 'फेट/स्टे नाइट'मध्ये एकाच गोष्टीच्या तीन वाटा आहेत आणि पहिली संपवल्याशिवाय दुसरी सापडत नाही. आमची ताई, म्हणजे चिन्याची आई, एकदा मागे उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "यात तू नक्की करतोस काय?"

"वाचतोय, आई."

"मग पुस्तक का नाही वाचत?"

या प्रश्नावर चिन्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आहे, पण मी ते घरात बोललो नाही. आमच्या खानदानात वाचनाचा मोठा दबदबा आहे. बैठकीत काचेचं कपाट आहे, त्यात 'मृत्युंजय'पासून 'ययाति'पर्यंत सगळं आहे आणि त्याची किल्ली कुठे आहे हे बरीच वर्षं कोणाला माहीत नाही. ताई वर्तमानपत्राचे मथळे वाचते. भावजी औषधांवरच्या चिठ्ठ्या. मी स्वतः लेखक म्हणवतो, त्यामुळे वाचायला वेळ मिळत नाही. आणि हा पोरगा, ज्याला काही वाचत नाही म्हणून सगळे बोलतात, तो महिन्याकाठी कपाटातल्या दोन खणांइतका मजकूर ओळ न गाळता संपवतो. वाचून झालेलं मागे सरकवून पुन्हा वाचतो. अमक्या प्रसंगात लेखकाने घाई केली म्हणून खंतावतो. एखाद्या कादंबरीवर इतका वेळ रुसलेला माणूस मी साहित्य संमेलनातही पाहिलेला नाही.

२००२ साली र्युकिशी०७ या टोपणनावाच्या लेखकाच्या गटाने कोमिकेत या हौशी प्रकाशकांच्या जत्रेत 'हिगुराशी' विकायला ठेवला. त्यात निवडीचे प्रश्नच नाहीत. फक्त वाचत जायचं. "मग हे पुस्तकच झालं की," मी म्हटलं. चिन्या दुखावला. दोन दिवसांनी त्याने मला सात मुद्दे लिहून पाठवले. पहिलाच असा होता, की पुस्तकात रातकिडे ओरडत नाहीत.

खेळाडूला वेळेचं भान नसतं हा मात्र निव्वळ गैरसमज आहे. चिन्याइतकं भान कोणाला नसेल. फक्त ते वेगळ्या घड्याळावर चालतं. जुन्या वळणाच्या जपानी खेळांत हवं तेव्हा थांबता येत नाही. सेव्ह पॉइंट यावा लागतो आणि तो बहुधा गुहेच्या दुसऱ्या टोकाला असतो. "पानं घेतलीत!" अशी हाक आली की आतून "सेव्ह पॉइंट नाही आला!" असं उत्तर जातं. भावजींना बरेच दिवस हे कुठल्या तरी पाहुण्याचं नाव वाटत होतं. ताईने त्यावर आपला उपाय काढला आहे. ती आता आमटी उकळायला लागली की आधीच विचारते, "तुझा तो पॉइंट कुठवर आलाय?"

'पर्सोना ५'मध्ये मॉर्गाना नावाचं बोलकं मांजर आहे. नायक रात्री काही करू गेला की ते म्हणतं, आज दमलास, झोप आता. हे ते इतक्यांदा म्हणतं की जगभरच्या खेळाडूंनी त्याचा धसका घेतला. चिन्यानेही परीक्षणात त्याबद्दल तीन दशांश कापले. रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलेल्या ताईच्या कानावर तो संवाद पडला आणि तिने अर्थ विचारला. चिन्याने भाबडेपणाने सांगितला. "मांजराचं तरी ऐक," ती म्हणाली आणि दिवा मालवून गेली.

बाहेरून ही परीक्षकगिरी चैनीची वाटते. फुकट खेळ मिळतो, खेळायचं आणि चार ओळी खरडायच्या! प्रत्यक्षात खेळ मिळतो बुधवारी, परीक्षण द्यायचं असतं सोमवारी आणि खेळ असतो शंभर तासांचा. मधल्या दिवसांत किती तास आहेत ते चिन्या बोटांवर मोजतो आणि ऑफिसला पोट बिघडल्याचं कळवतो. त्यात कंपनीच्या अटी. अमक्या तारखेआधी बोलायचं नाही, तमक्या प्रसंगापुढचं दाखवायचं नाही. २०१७ साली ॲटलसने 'पर्सोना ५'च्या बाबतीत फर्मान काढलं की खेळातल्या ७ जुलैच्या पुढचं कोणी प्रक्षेपित करू नये. खेळाडू इतके खवळले की ती मर्यादा पुढे १९ नोव्हेंबरपर्यंत सरकवावी लागली. कंपनीने हे फर्मान सैल केलं तरी चिन्याने केलेलं नाही. कथानक फोडणं हे त्याच्या लेखी महापाप. १९९७च्या 'फायनल फँटसी ७'मध्ये पहिली सीडी संपताना काय होतं हे एव्हाना शेजारच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत असेल, पण चिन्याच्या लिखाणात त्याचा उल्लेख 'ती घटना' असाच येतो. परिणामी त्याची परीक्षणं वाचून खेळात काय आहे ते कळत नाही. एक फार मोठी गोष्ट फार चांगल्या किंवा फार वाईट रीतीने घडते, आणि संगीत उत्तम आहे, एवढा बोध होतो.

या निष्ठेची परीक्षा 'नियर : ऑटोमाटा'ने घेतली. त्याला इंग्रजी वर्णमालेच्या अक्षरांएवढे, २६ शेवट आहेत. त्यातला एक खेळाडूला विचारतो : कुठल्या तरी अनोळखी खेळाडूच्या मदतीसाठी तू तुझी जपून ठेवलेली सगळी प्रगती पुसायला तयार आहेस का? चिन्या रात्रभर बसला आणि पहाटे 'हो' म्हणाला. सकाळी परीक्षण लिहायला घेतलं तर पडताळून बघायला काही शिल्लक नव्हतं. तरी ९.५ दिले. देताना हात थरथरला असं तो सांगतो. माझ्या मते ते जागरणाने.

एका बाबतीत मला त्याची दया येते. तासन्‌तास गंभीर तत्त्वचर्चा चालते, माणूस म्हणजे काय, स्मृती म्हणजे काय, आणि त्या वेळी खोलीत कोणी फिरकत नाही. नेमके भावजी चष्मा शोधत आत आले की पडद्यावर गरम पाण्याच्या झऱ्यावर पात्रांची सहल निघालेली असते. हा प्रसंग या खेळांत न चुकता येतो आणि भावजीही न चुकता येतात. चिन्याच्या प्रत्येक परीक्षणात शेवटून दुसरा परिच्छेद 'हे टाळता आलं असतं' असा असतो. तो वाचकांसाठी नाही, भावजींसाठी आहे.

खरं जपानी कोणतं, यावरून तो मित्रांशीही भांडतो. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' बाहेरून अस्सल जपानी दिसतो, पण २०१७ साली तो अमेरिकेत बनला. दारूच्या गुत्त्यावर गिऱ्हाइकांची दुःखं ऐकत पेले भरायचा 'व्हॅल्हल्ला' व्हेनेझुएलातल्या लोकांनी केला. हे चालतं का? चालतं, पण ०.२ गुण कापून. उलट 'एस अटर्नी' अस्सल जपानी. इंग्रजीत आणताना त्याची कोर्टकचेरी लॉस एंजेलिसला हलवली आणि पुढच्या भागांत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जपानी देवळं आणि भुतं उतरवणाऱ्या बायकांचं अख्खं गाव निघालं. याचे मात्र गुण कापत नाही. "निष्ठेने केलेला गोंधळ आहे मामा."

मागे एका दिवाळी अंकाने त्याच्याकडे या विषयावर लेख मागितला. मर्यादा बाराशे शब्दांची होती. चिन्याने नऊ हजार दिले, सोबत 'कृपया कापू नये, पाचव्या प्रकरणानंतर वेग येतो' अशी चिठ्ठी. अंकात तीनशे शब्द आले, 'बालविभाग' या मथळ्याखाली, शेजारी सापशिडीचं चित्र. त्याने अंकाला ७.१ दिले.

एवढ्यात घरातलं वारं थोडं फिरलं आहे. ताई निवृत्त झाली आणि दुपारी गवार मोडत त्याच्या खोलीत बसू लागली. रविवारी तो '४२८ : शिबुया स्क्रॅम्बल' खेळत होता. चुनसॉफ्टचा २००८चा खेळ, फामित्सूचे चाळीसपैकी चाळीस. चित्रांऐवजी खऱ्या माणसांचे फोटो, टोकियोच्या शिबुया भागातला एकच दिवस, सकाळी दहा ते रात्री आठ. एका मुलीचं अपहरण झालेलं आणि पाच जणांच्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या. एकाने इथे चुकीचा रस्ता ओलांडला की तिकडे दुसरा मरतो. वाईट शेवट डझनावारी. ताईला एरवीचे मोठ्या डोळ्यांचे खेळ आवडत नाहीत. ही खरी माणसं तिला पटली. त्यातला अची नावाचा एकेकाळचा टोळीचा म्होरक्या आता शिबुयाच्या रस्त्यांवरचा कचरा उचलत फिरतो. तो दिसला की तिचे गवार मोडणारे हात थांबत.

चिन्या नियमाप्रमाणे सगळे वाईट शेवट गोळा करत चालला होता. मुद्दाम चुकीचं निवडायचा, माणूस मारायचा, नोंद करायचा, मागे यायचा. ताईला हा निर्घृणपणा बघवेना. सोमवारी तो ऑफिसला गेला तसा तिने कंट्रोलर उचलला. इंग्रजी तिचं पक्कं, आयुष्य बँकेत गेलेलं. शुक्रवारी संध्याकाळी मी चहाला गेलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तो शिबुयाचा संपवला मी. बघितला शेवट."

चिन्याच्या हातातला कप बशीत वाजला. "कुठला शेवट?"

"कुठला म्हणजे? शेवटचा."

त्याने तिला समजावलं. अजून कितीतरी शेवट बाकी आहेत, लपवलेली जादा प्रकरणं आहेत, ती आत्ता कुठे उघडली असतील, आणि ती पाहिल्याशिवाय मत बनवणं समीक्षेच्या नीतीला धरून नाही. ताईने सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी सुटली ना? झालं तर."

"बरं, दहापैकी किती देशील?"

"त्या कचरा उचलणाऱ्या मुलाला दहा. बाकीच्यांचं तू बघ." खाली घंटागाडीचं गाणं सुरू झालं होतं. "आणि ती गाडी आलीय, डबा ने."

चिन्या उठला, मोरीपाशी दोन डब्यांसमोर थांबला आणि सवयीने विचारलं, "ओला की सुका?"

"दोन्ही," ताई म्हणाली.